तिसऱ्या पेडलचा रॉड

१० जानेवारी, शनिवार. जळगाव

सकाळी आठलाच कमलवहिनींचा फोन, धुळ्याहून. मधूची बायको. दिवाळीला एकदा फोन करणारी बाई, जानेवारीत केला म्हणजे बातमी वाईटच, वाटलं. "भाऊ, घाबरू नका. आहेत ते. पण नुसते आहेत."

मधू ऑक्टोबरात बाथरूममध्ये घसरला, डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला. हे माहीत होतं. तेव्हा दवाखान्यात मोसंबी घेऊन जाऊन आलो होतो, अर्धा तास बसलो, कर्तव्य केलं. नंतर फोनसुद्धा नाही. लाज वाटली.

आता म्हणे भिंतीकडे तोंड करून पडून असतो. डॉक्टरांनी बजावलंय, पाय आत्ता वापरला नाही तर घोटा आखडेल आणि मग खाट कायमची. व्यायाम सांगितला की म्हणतो, उद्या. वहिनींनी विचारलं गिटार काढू का, तर म्हणे उंच स्टुलावर बसायचं बंद झालं, खुर्चीवर बसलं तर गिटार छातीशी येते, झाक ती.

"भाऊ, ती खाली करता येते का? तुम्हीच बनवलीय ना?"

करता येते का म्हणे! पाय कापायचे, पेडलचे रॉड कापायचे, नवे आटे पाडायचे. दोन दिवसांचं काम. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी उभा राहूनच बोलत होतो.

११ जानेवारी, रविवार. धुळे

सकाळची एसटी. एरंडोल, पारोळा, धुळे. अर्ध्या तिकिटाचा म्हातारा मी, पण पिशवीत टेप, पाना, पक्कड. बऱ्याच वर्षांनी पिशवी जड होती, बरं वाटलं.

मधू वाळलाय. सहा फुटी माणूस, खाटेत कुठे गेला कळत नाही. मला बघून म्हणाला, "उना का? बस आठे." मग भिंतीकडे वळला. म. माझ्याशी अहिराणीतच बोलतो, मी पुस्तकी मराठीत उत्तर देतो. पन्नास वर्षं असंच.

गिटारवर जुनी चादर होती. ओढली आणि... जाऊ दे. सगळं तसंच आहे. चार पायांची लाकडी पेटी, वर तारा, खाली माझी कारागिरी: तीन पेडल. भंगारातल्या ट्रकचे ॲक्सिलरेटर होते ते. प्रत्येक पेडलपासून वर पेटीच्या पोटापर्यंत दोन सुती, म्हणजे पाव इंची सळईचा एक रॉड. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, तार ताणली जाते, सूर उचलतो. चाळीस वर्षांपूर्वी एका मासिकातल्या फोटोवरून केलं होतं. फोटोत अर्धं दिसतच नव्हतं, ते मनाने केलं.

दोन पेडल चालतात. तिसरं तेव्हाही चालत नव्हतं. त्याचा रॉड नुसता लटकतोय.

वहिनींनी दम देऊन म.ला उठवलं. डॉक्टरांनी दिलेला जाड तळाचा बूट डाव्या पायात घातला (पाय इंचभर आखूड झालाय), वॉकर धरून खुर्चीत आणला. मी खाली बसून मापं घेतली. खुर्ची स्टुलापेक्षा चार इंच खाली. म्हणजे गिटारचे पाय चार इंचाने कमी. बुटाच्या जाड तळामुळे पाऊल इंचभर वर येतं, तर पेडलही तेवढंच वर हवं. रॉड पाच इंचाने कमी. साडेबावीसचे साडेसतरा. दोनदा मोजलं.

म. वरून बघत होता. म्हणाला, "मन्ह्या मांडीमा डॉक्टरनी रॉड टाका. आते तू मन्ही गिटारना रॉड काप."

हसला थोडासा. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या एकदम.

चार पाय आणि तीन रॉड सुतळीने बांधून एसटीत. कंडक्टर म्हणाला, "काका, लढाईला का?" म्हटलं, हो, परत चाललोय.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड आवळून धरायचा व्हाइस अजून आहे. त्यावर बायकोने, शालिनीने, तुळशीच्या बियांचे डबे ठेवलेले. हलवले, त्यावरून बोलणी खाल्ली. वर "सणाच्या दिवशी लोखंड काय कापता, तीळगूळ घ्या." घेतला. मग कापलं.

आधी गिटारचे पाय. ते सोपे, पाइप आहेत, खाली रबरी बूच. मग पहिले दोन रॉड. हॅक्सॉ चालवताना सात-आठ वेळा थांबलो. दम लागतो म्हणून, आणि काय.

सळई धुळ्याच्या भंगार बाजारातली. म. आणि मी सायकलवर आणली होती, त्याने खांद्यावर धरलेली, मी पॅडल मारतोय, आणि वळणावर ती एका बाईच्या पदरात अडकली. पदर सुटेना, सळई निघेना, बाई सरळ जवळच्या चौकीत निघाली. म. ने हात जोडून तिथेच रस्त्यात गाणं म्हटलं. बाई हसली तेव्हा सुटलो. तो गाण्यावर सुटायचा, मी त्याच्याबरोबर सुटायचो. सगळं तारुण्य असंच गेलं.

तिसरा रॉड अजून कापला नाही. तो चालतच नाही तर घाई कसली.

१७ जानेवारी, शनिवार

आटे पाडायला डाय हवी. माझी जुनी कुठे गेली देव जाणे. एमआयडीसीजवळच्या तीन दुकानांत विचारलं. तिन्हीकडे एकच, "काका, सहा एमएम घ्या." अरे, पण पेटीच्या पोटातले नट दोन सुती आहेत, जुन्या इंची आट्याचे. त्यात सहा एमएमचा रॉड लटलट हलणार. एकजण म्हणाला, मग नट पण नवे बसवा. मग गिटारच नवी बसवा म्हणावं. मधू पण नवा आणा.

चिडून घरी आलो. शालिनी म्हणाली, "एवढं काय झालं?" काही नाही.

१९ जानेवारी, सोमवार

डाय मिळाली! जुन्या हार्डवेअरच्या दुकानात, शेठ माझ्याच वयाचा, मारवाडी, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. स्टुलावर चढून वरच्या फळीवरून गंजका डबा काढला. "वडिलांच्या वेळचा माल. कोणी विचारतच नाही." ग्रीसमध्ये बुडवलेली दोन सुती डाय, हँडलसकट. अंगठा फिरवून बघितला, दात शाबूत.

विचारलं त्याने, कशाला हवी. सांगितलं. तर म्हणाला, "जामनेरला माझ्या बहिणीच्या लग्नात तुमचाच ऑर्केस्ट्रा होता. ते गिटार पायाने वाजवणारे?" म्हटलं, तेच. "ते वाजवायच्या आधी खाली वाकून पेडलला नमस्कार करायचे. माझी आजी म्हणाली होती, हा मुलगा चांगल्या घरचा दिसतो."

हो. करायचा. प्रत्येक कार्यक्रमाला. पाय लावायचा म्हणून आधी हात लावायचा. मी विसरलोच होतो.

डाय नुसती वापरून परत करा म्हणाला शेठ.

२० जानेवारी, मंगळवार

आटे पाडले. दोन्ही रॉडचे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, खोबरेलाचा थेंब. खोबरेल म.चा शोध, ऑइल संपलं होतं तेव्हा त्याने केसांची बाटली काढली. आज शेडमध्ये तोच वास. लोखंडाचा बुरा आणि खोबरेल. तो वास आला आणि मी सत्तावीस वर्षांचा झालो. लिहायला मूर्खपणा वाटतो, पण झालो.

आटे सरळ आले. नट बोटाने फिरतो, शेवटपर्यंत. हात अजून आहे तर.

मग सहज तिसरा रॉड व्हाइसमध्ये धरला. वरच्या टोकाचे आटे ठीक. खालच्या टोकाचे बघितले. तिरके. डाय तिरकी लागली होती, दोन बोटभर तशीच गेलीय. म्हणून पेडल अडकायचं. तेव्हाही मला दिसलं होतं. पहूरचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता, म. ने विचारलं तिसरं का अडतंय, मी म्हटलं भंगाराचं लोखंड आहे, त्यात गाठ आहे, पुढच्या आठवड्यात नवा रॉड करतो.

पुढच्या आठवड्यात मला जळगावच्या कारखान्यात टर्नरची नोकरी लागली. गेलो. पुढे कार्यक्रमांपुरता येत राहिलो, रॉडचं नाव काढलं नाही. लोखंडाला कसली गाठ असते.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या धुळे. शालिनीने म.साठी भरताची वांगी दिली, हिरवी, मोठी. म्हणाली, "वहिनींना सांगा, काट्यावर भाजा, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, गॅसवर नको." ती पण येते म्हणत होती, मग म्हणाली, तुम्हीच जा, तुम्हा दोघांत मी काय करू.

तिसऱ्या रॉडबद्दल म.ला सांगावं का. सांगून काय मिळणार. न सांगून काय मिळालं.

२५ जानेवारी, रविवार. धुळे

फजिती. इतकी मोठी फजिती आयुष्यात नाही.

पाय बसवले, दोन रॉड लावले, पेटी लेव्हलला आणली. सगळं साडेसतरावर चोख. वहिनींनी म.ला खुर्चीत आणला. गिटार बरोबर मांडीवर आली. म. ने तारांवर हात फिरवला, डाव्या हातात तारांवर सरकवायचा लोखंडी बार घेतला, चेहरा बदलला. वहिनी दाराला धरून उभ्या. मी म्हटलं, दाब.

म. खाली वाकला. वाकवेना, कण्हत वाकला. पेडलला हात लावला, कपाळाला लावला. आणि बुटाचे बंद सोडायला लागला.

मी म्हटलं, "अरे, बूट राहू दे!"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी अभद्र बोललो. "बूट घालीसन गिटारले पाय लावू का मी? दिन्या, याद नही का तुले?"

बूट काढला. अनवाणी पाऊल जमिनीवर, पेडल त्याच्यापेक्षा इंचभर वर. पंजा चढेना. आखडलेला घोटा, तो तरी काय चढणार. तीनदा प्रयत्न केला. कपाळावर घाम. मग पाय मागे घेतला आणि म्हणाला, "नही जमत. झाक ती."

आठ वर्षं त्याच्या बाजूला स्टेजवर पानापक्कड घेऊन बसलो. दोंडाईच्याला स्टेज उन्हाने तापलं होतं, पाय पोळले तरी चप्पल घातली नाही. शेठनेही परवाच आठवण करून दिली होती, नमस्काराची. नमस्कार आठवला आणि बूट नाही आठवला! मोजताना बूट पायात होता, मी बुटाचंच माप घेतलं. आयुष्यभर लोकांना सांगितलं, आधी माणूस बघ मग माप घे.

रॉड एक इंच जास्त कापला गेला. कापलेलं लांबवता येत नाही.

वहिनींना म्हटलं, पुढच्या रविवारी नवे रॉड करून आणतो. पुढच्या आठवड्यात! माझ्या तोंडून तेच वाक्य. म. भिंतीकडे वळला होता.

भरताची वांगी पिशवीतच राहिली, तशीच परत आणली. शालिनीने काढून टोपलीत ठेवली.

२७ जानेवारी, मंगळवार

सळई आणली नवी. अजून व्हाइसला लावली नाही. हात घालवत नाही.

दुपारी वहिनींचा फोन. मला वाटलं, रागावतील. "भाऊ, एक करू का? जेवायचा पाट आहे आमच्याकडे, जुना, एका कोपऱ्याला चिरलेला. टाचेखाली सरकवला तर? मोजला मी, इंचभरच आहे."

 इंचभर. पाऊल इंचभर वर, पेडल जिथे आहे तिथेच. पाय इंचभर आखूड, पाट इंचभर जाड. मी टर्नर, तीस वर्षं मायक्रोमीटर हातात. आणि बाईने पाट सरकवला.

"पाटावर पाय चालेल का त्यांना?" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "विचारलं मी. देवाचा पाट नको म्हणाले. म्हणजे दुसरा चालेल. म्हणजे विचार तर केला ना त्यांनी!"

१ फेब्रुवारी, रविवार. धुळे

गेलो. वांगी पुन्हा घेतली, ताजी.

पाट ठेवला. म. वाकला, नमस्कार केला, बूट काढला, टाच पाटावर टेकवली. पंजा पेडलवर. पहिलं पेडल. दाबलं, अर्धंच गेलं. सूर निघाला आणि मध्येच कापला गेला, बेसूर. वहिनी हसल्या, डोळ्यांत पाणी. म. चिडला, "हासू नका." पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी पूर्ण खाली गेलं.

आणि तार उचलली. तो आवाज. मी विसरलो होतो कसा असतो तो. लग्नाच्या मांडवात बायका बोलता बोलता थांबायच्या तो आवाज. मी खिडकीशी गेलो. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं.

दुसरं पेडल नाही जमलं. पाय थरथरतो. डॉक्टर म्हणाले होते पाच मिनिटं, म. वीस मिनिटं बसला. वहिनी घड्याळ बघत होत्या, सांगितलं नाही त्यांनी.

मग वांगी भाजली, काट्यावर. कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा. म. खाटेवर नाही, खुर्चीत बसून जेवला. दीड भाकरी.

जेवताना सांगून टाकलं. मान खाली घालून. तिसऱ्या रॉडचे आटे तिरके होते, लोखंडात गाठ नव्हती, माझा हात चुकला होता, मी खोटं बोललो आणि निघून गेलो.

म. घास चावत राहिला. पाणी प्याला. म्हणाला, "माले तव्हयंच समजनं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू करशीन म्हने."

चाळीस वर्षं! दुसऱ्या कुठल्या टर्नरकडून करून घेता आला असता, धुळ्यात टर्नरला काय तोटा. त्या पेडलच्या जागी तो बार सरकवून तसाच सूर काढायचा, आणि काढताना माझ्याकडे बघून हसायचा. मला वाटायचं, शाबासकी देतोय.

८ फेब्रुवारी, रविवार. धुळे

पहिलं पेडल व्यवस्थित. दुसरं दहातून चार वेळा. वॉकर घेऊन एकटा ओट्यापर्यंत गेला म्हणे गुरुवारी, शेजाऱ्यांशी भांडला. वहिनी हे सांगताना इतक्या खूश की जणू बक्षीस मिळालंय.

घोट्याचं डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. पुढच्या महिन्यात फोटो काढणार. सांगता येत नाही म्हणाले.

निघताना म्हटलं, तिसरा रॉड आता करतो, याच आठवड्यात, सरळ आट्याचा. म. तारा पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तिसरानी घाई नही शे."

दारात वहिनी म्हणाल्या, "भाऊ, खरंच घाई करू नका. झाला की तुम्ही यायचे थांबाल."

मी म्हटलं, काहीतरीच काय. एसटीत बसल्यावर आठवून पाहिलं, दवाखान्यातला तो अर्धा तास सोडला तर कामाशिवाय तिकडे शेवटचं कधी गेलो होतो. आठवलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार. जळगाव

शेठची डाय परत द्यायला गेलो. म्हणाला, झालं काम? म्हटलं, एक रॉड बाकी आहे. "मग राहू द्या अजून." परत घेऊन आलो.

तिसरा रॉड व्हाइसमध्ये. खालून कापला तर तिरके आटे जातात, पाच इंचात सगळी चूक निघून जाते, कोणाला कळणारही नाही. वरून कापला तर चांगले आटे जातात, तिरके राहतात, पेडल अडकणार ते अडकणारच. यात विचार करण्यासारखं काय आहे? शिकाऊ पोरालाही विचारा, खालून काप म्हणेल.

दोन्ही टोकांना खडूने खूण केली. हॅक्सॉला नवं ब्लेड लावलं. अर्धा तास तसाच उभा होतो.

म.चा फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदाच. "कुठलोंग उनं रे?"

कुठवर आलं म्हणून रॉडचंच विचारत होता. म्हटलं, चालू आहे.

शालिनी वर आली, डबे ठेवायला जागा द्या म्हणाली. म्हटलं, रविवारपर्यंत थांब. रविवारी धुळ्याला जाऊन यायचंय, पुन्हा एकदा माप घेतो. या वेळी अनवाणी पायाचं.